तांब्याचा वॉशर

मिस्त्रीकाकूंनी बेचाळीस वर्षं मेकॅनिकशी संसार केला, पण गाडीखाली म्हणून कधी शिरल्या नाहीत. तो योग आला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. दोन्ही गुडघे कुरकुरत होते, दुपारचे अडीच वाजले होते, आणि नवरा झोपलाय ना, हे दोनदा खोलीत डोकावून बघून झालं होतं.

शेडमध्ये त्यांनी जुनं पोतं अंथरलं, त्यावर पाठ टेकली, आणि एका हातात पाना, दुसऱ्या हातात पत्र्याचा ट्रे घेऊन सरकत सरकत इंजिनाखाली गेल्या. नट सैल केला. तेल ट्रेमध्ये पडलं, थोडं कोपरापर्यंत ओघळलं आणि बरंचसं केसात गेलं. संध्याकाळी मिस्त्री चहा घेताना त्यांच्याजवळ वाकले, नाक पुढं करून हुंगत म्हणाले, “कुठलं तेल लावतेस गं डोक्याला? वास ओळखीचा वाटतोय.” काकूंना हसू आवरेना. मग मोरीत जाऊन त्या रडल्या, तेही त्याच कारणासाठी.

पण हे असं मधूनच सांगून भागायचं नाही. मिस्त्री कोण होते ते आधी सांगायला हवं.

मिस्त्री म्हणजे कानाचा माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच तिचं दुखणं त्यांना कळायचं. गिऱ्हाईक बिचारं अर्धा तास सांगायच्या तयारीनं आलेलं असायचं, आणि हे त्यानं तोंड उघडायच्या आत “तिसरा प्लग” म्हणून मोकळे. स्वभाव तिखट. चुकीच्या मापाचा पाना लावून नटाचे कोपरे झिजवणाऱ्याला ते कसाई म्हणत, मग तो समोर उभा असला तरी. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, पण नाकाला ग्रीस लागलेलं असायचं त्याचं काही नाही.

आणि ती गाडी. मिस्त्रींच्याही आधी जन्मलेली, गोल डोळ्यांची, दारं उलट्या बाजूला उघडणारी, थंडीत हँडल मारल्याशिवाय न उठणारी. ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. हात थरथरायला लागल्यावर डॉक्टर एक दिवस ती घेऊन गॅरेजात आले, किल्ली मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “हिला दुसरं कोणी समजून घेणार नाही.” एवढं बोलून ते चालत घरी गेले, मागे वळूनही बघितलं नाही. मिस्त्री ही गोष्ट सांगायचे तेव्हा दर वेळी म्हणायचे, “चालवणाऱ्याला थांबायचं कधी हे कळलं पाहिजे.”

काकू त्या गाडीला सवत म्हणायच्या. माझं डोकं दुखतंय हे यांना संध्याकाळी कळतं आणि तिचा पट्टा सैल झालाय हे झोपेत कळतं, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती, राग खोटा होता. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांकडून मागून आणलेल्या याच गाडीतून त्या दवाखान्यात गेल्या होत्या, आणि कळा येत असतानाही या माणसानं निघण्याआधी बॉनेट उघडून तेल बघितलं होतं. हे काकूंनी त्यांना जन्मभर ऐकवलं.

तेल बघणं हा मिस्त्रींचा नेम होता. सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी गाडीचं तेल. इंजिन गार हवं, जमीन सपाट हवी. तेलात बुडालेली ती लांब पट्टी ओढायची, चिंधीनं पुसायची, परत घालायची, परत ओढायची आणि मग बघायचं. “पहिल्यांदा पट्टी खोटं बोलते,” ते म्हणायचे. “पुसून विचारलं की खरं सांगते.” पट्टीवर दोन रेघा होत्या. तेल त्या दोहोंच्या मध्ये असलं पाहिजे. कमी असलं तर इंजिन कोरडं पडून जाम होतं हे कुणालाही कळतं, पण जास्त असलं तरी घात होतो, फेस होतो, सीलं फुटतात, हे मिस्त्रींकडूनच ऐकावं. वर्षातून दोनदा ते सगळं तेल बदलायचे. इंजिन आधी गरम करायचं, खालचा नट काढायचा, काळं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यायचं, आणि नट परत बसवताना त्याच्याखाली तांब्याचा वॉशर नवा घालायचा. जुना कितीही चांगला दिसो. “तांबं मऊ असतं, एकदाच चावतं,” हे वाक्य काकूंनी पाने हातात देता देता इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

मग मिस्त्री विसरायला लागले.

सुरुवातीला त्याची थट्टा झाली. चष्मा डोळ्यावर आणि शोध घरभर, हे कुणाचं होत नाही? मग एकदा ते लेकीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारून तासभर बोलले. मग रोजच्या दुकानातून परतताना मागच्या गल्लीत, कुणा दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चहा का येत नाही म्हणून चिडले. मेंदूच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवली, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल म्हणून सांगितलं. गॅरेज बंद झालं. काकूंनी विचारलं की मी काय करू, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हात जे विसरलेले नाहीत ते हातांना करू द्या. काकूंनी मनाशी म्हटलं, म्हणजे सवतच कामाला आली.

आणि खरंच, बॉनेट उघडलं की मिस्त्री पूर्वीचे व्हायचे. घरात सदऱ्याची बटणं चुकणारा माणूस शेडमध्ये अंधारातसुद्धा प्लगवर बरोबर हात ठेवायचा. चालवणं बंद झालं होतं, पण दर रविवारी ते गाडी सुरू करायचे, काकूंना शेजारी बसवायचे आणि विचारायचे, “बोल, कुठं जायचं?” काकू कुठल्यातरी गावाचं नाव घ्यायच्या. दहा मिनिटं इंजिन तिथंच उभ्या जागी गुरगुरायचं. मग मिस्त्री ते बंद करून म्हणायचे, “आलो बघ जाऊन.” काकूंना त्या दहा मिनिटांसाठी आठवडा काढता येत होता.

एका रविवारी मागून निळा धूर निघाला. मिस्त्रींनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना काकूंनी स्वतः पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल वरच्या रेघेच्याही दोन बोटं वर होतं. काकू तिथंच ओट्यावर बसल्या. त्यांना कळलं. मिस्त्री सकाळी तेल बघत होते, माप भरून थोडं ओतत होते, आणि बघितल्याचं विसरून दहा वाजता परत बघत होते, बारा वाजता परत. आणि बघितलं की ओतायचं, हे हातांच्या लक्षात राहिलं होतं. रेघ कुठली, हे नव्हतं.

त्यांनी आधी खरं सांगून बघितलं. “अहो, मघाशीच तर ओतलंत,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर मिस्त्री दोन दिवस मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसून राहिले. जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हेही येत नसेल तर मी आहे कशाला?” सुदैवानं चौथ्या दिवशी ते विसरले. मग काकूंनी तेलाचा डबा लपवला. तर मिस्त्री तेल आणायला बाहेर पडले आणि संध्याकाळी बसस्टँडवर सापडले, हातात रिकामी बरणी घेऊन, कुणाला तरी तेलाची ग्रेड समजावत. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून काकू पोतं घेऊन गाडीखाली शिरल्या.

पुढं त्यात त्या तरबेज झाल्या. केसात तेल जाणं बंद झालं. बॉनेटच्या बिजागरीची कुरकुर स्वयंपाकघरात ऐकू यायची. एक कुरकुर म्हणजे एक माप. तीन कुरकुरी झाल्या की दुपारी नट सैल करून तीन मापं खाली घ्यायची, नट आवळायचा, पट्टी दोनदा बघायची, हात रॉकेलनं पुसायचे आणि चार वाजता चहाला हाक मारायची. धूर थांबला. रविवारी मिस्त्री कान देऊन इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, “तब्येत छान आहे हिची. बघायला माणूस असला की असं असतं.” काकू म्हणायच्या, “असतंच.”

असे चार महिने गेले.

लेक परगावी होती, चौथ्या मजल्यावर, नोकरीत आणि संसारात अडकलेली. ती फोनवर रोज म्हणायची, आई, तुम्ही दोघं इकडे या. एकटीनं तुला हे झेपणार नाही. गाडी कुणाला तरी देऊन टाका. काकू म्हणायच्या, बघू. शेवटी लेक म्हणाली की मी शनिवारी येते आणि काय ते ठरवूनच जाते. काकूंनीही मग स्पष्ट सांगितलं, “ये. पण रविवारी सकाळी बाबांना गाडीपाशी एकदा बघ. ते बघून तुला वाटलं की न्यावं, तर मी पेटी भरते.” काकूंची सगळी भिस्त त्या सकाळवर होती. त्या शेडमध्ये नवरा अजून शाबूत होता. तो लेकीनं एकदा बघितला की ती न्यायचं नाव काढणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

आणि चूक झाली ती शनिवारी. खरं म्हणजे चूक रोज होत होती. नट उघडला की वॉशर नवा, हे काकूंना पाठ होतं. पण ते तेल बदलताना. आपण कुठं तेल बदलतोय? आपण कपभर काढून घेतोय, असं त्यांच्या मनात. तोच एक वॉशर त्यांनी शंभरावर वेळा आवळला. तो चपटा होत गेला, बाजूनं पाझर दिसायला लागला, तसतशा त्या नट अधिक जोर लावून आवळत गेल्या. त्या दुपारी पाना फिरवताना नट एकदम मऊ लागला, दाताशिवाय चावल्यासारखा. काकू थबकल्या. तेवढ्यात फाटक वाजलं आणि लेकीची हाक आली, “आई!” त्यांनी बोट लावून बघितलं, थेंब नव्हता. उद्या बघू म्हणून त्या बाहेर आल्या.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी तोंड धुतलं. लेक शेडच्या दारात उभी होती, काकू तिच्या मागं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि लेकीला म्हणाले, “ये इकडे. लहानपणी दाखवलं होतं, विसरली असशील.” लेकीकडे बघून काकूंनी भुवया उडवल्या, बघतेस ना, म्हणून.

त्यांनी पट्टी ओढली. कोरडी. “पहिल्यांदा खोटं बोलते,” ते हसून म्हणाले. पुसली, घातली, ओढली. कोरडी. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्यानं चाचपली. मग ते जमिनीवर आडवे झाले. सत्तरीचा माणूस, पण गाडीखाली असा सहज गेला की लेक बघत राहिली. खाली पोत्यावर, फरशीवर, चाकापर्यंत काळं तेल पसरलं होतं. इंजिनात होतं नव्हतं ते सगळं.

त्यांनी नट बोटांनीच काढला. वॉशर तळहातावर घेऊन बाहेर आले आणि अंगठ्यानं उलटसुलट करून बघितला. त्या तळहाताला सगळं कळत होतं. “आटे गेलेत,” ते म्हणाले. “हा नट एकदा नाही, खूपदा उघडलाय. आणि वॉशर एकदाही बदललेला नाही.” त्यांचं निदान कधी चुकत नसे, त्या दिवशीही चुकलं नाही. मग ते आवाज न चढवता म्हणाले, “माझ्याशिवाय हिला कोण हात लावतं? मीच उघडला असणार. मी कसाई झालो गं.”

काकू पुढं झाल्या. “नट मी उघडला होता,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. आणि अगदी मऊपणानं, गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, “कशाला?”

 पोतं काकूंचं होतं, ट्रे त्यांचा होता, पाना हातात घेऊन त्या आत्ता दाखवू शकल्या असत्या. पण कशाला याचं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं तर या माणसाला कळणार होतं की गेले चार महिने तो रोज आपल्याच हातांनी गाडी बुडवत होता आणि बायको मागून निस्तरत होती. गप्प बसलं तरी तो मरत होता, बोललं तरी मरत होता. काकू गप्प बसल्या.

मिस्त्रींनी ते गप्प बसणं ऐकलं. ते काय, कानाचा माणूस. त्यांनी तेलकट हात आपल्या सदऱ्याला पुसला आणि काकूंच्या डोक्यावर ठेवला. “बेचाळीस वर्षांत कधी खोटं बोलली नाहीस,” ते म्हणाले. “आता माझ्यासाठी नको बोलूस.”

मग त्यांनी बॉनेट लावलं, खिळ्यावरची किल्ली काढली, लेकीच्या तळहातावर ठेवली आणि घरात गेले. मागे वळून बघितलं नाही. लेक रडत होती. काकूंनी पेटी काढली.

गाडी कोण घेऊन गेलं हे काकूंनी विचारलं नाही.

लेकीच्या घरी सगळं नीट आहे. खोली उजेडाची आहे, जावई भला आहे, लिफ्ट आहे. मिस्त्री आता नातवाला ओळखत नाहीत, लेकीला पाहुणी समजतात, कधी कधी काकूंना म्हणतात, बाई, तुम्ही फार करता हो माझं. सगळं गेलं. फक्त तो रविवार गेला नाही. रोज सकाळी तोंड धुतल्यावर ते खाटेच्या कडेला बसतात, मोकळ्या तळहाताकडे बघतात आणि म्हणतात, “मी वॉशर बदलला नाही.” माणूस विसरतो तर नेमकं हेच का विसरत नाही, हा प्रश्न काकूंनी डॉक्टरांना विचारला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

त्या ‘कशाला’चं उत्तर मात्र काकूंना सापडलं, तीन आठवडे उशिरा, भाजी निवडताना. इतकं सोपं होतं की त्यांनी सुरी खाली ठेवली आणि कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या.

“नट मी उघडला होता,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“तेल बदलायला शिकायचं होतं मला. तुम्हाला न सांगता. तुम्ही चकित व्हावं म्हणून.”

 मिस्त्रींचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, आणि कितीतरी दिवसांनी ते रागावले, पूर्वीसारखे. “मग वॉशर कोण बदलणार? कितीदा सांगितलंय, तांबं एकदाच चावतं. आणि इतका जोर लावतात का? आटे गेले ना.” काकू मान खाली घालून म्हणाल्या, चुकलं. “चुकायचंच,” मिस्त्री म्हणाले. “मला विचारायचं होतंस. मी शिकवलं नसतं?” आणि त्यांनी चहाच्या ट्रेमधला चमचा उचलून पाना कसा धरायचा ते दाखवलं.

तेव्हापासून हे रोज चालतं, कारण दुसऱ्या सकाळी तळहात पुन्हा मोकळा असतो आणि वॉशर पुन्हा न बदललेला. रोज काकू गुन्हा कबूल करतात, रोज ओरडा खातात, रोज चमच्यानं शिकतात. हे एक वाक्य त्या रविवारी सुचलं असतं तर, असं रोज त्यांच्या मनात येतं, आणि रोज त्या ते गिळतात.

कारण पुढचं अजून व्हायचं असतं. शिकवता शिकवता मिस्त्री खुशीत येतात, चमचा ठेवून उठतात आणि दाराकडे बघून म्हणतात, “तोंडी नाही समजायचं तुला. चल खाली. गाडीवरच दाखवतो.”

“आधी चहा घ्या,” काकू म्हणतात. “गरम आहे.”

ते परत बसतात. काकू समोर बसून त्यांचा कप बघत राहतात. त्यांना माहीत आहे, कप रिकामा होईतो ते गाडी विसरतात. चार महिने ज्या विसरण्याशी त्या गाडीखाली पाठ घासून लढल्या, त्याच विसरण्याची आता त्या रोज सकाळी वाट बघतात.

“काय बघतेस?” मिस्त्री विचारतात.

“काही नाही,” त्या म्हणतात. “सावकाश प्या.”